जहाजाच्या खिडक्या गोल का असतात

“चूक,” टेपवाला म्हणाला, आणि क्षणभर मला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाला तरी म्हणतोय. त्या खोलीत हा शब्द माझ्या दिशेने यायची सवय नव्हती. ना त्या शब्दाला, ना मला. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीला टेकवून ठेवलेला एका जुन्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा. मग सगळे हसले. वाईट हसले असं नाही, उलट अगदी मनापासून हसले, आणि तेच लागलं. कितीतरी वर्षं दाबून ठेवलेलं हसू होतं ते. आमचा कॅशियर तर चष्मा काढून डोळे पुसत होता.

आमचं ऑफिस लिफ्ट तपासणीचं. शहरातल्या प्रत्येक लिफ्टमध्ये आमच्या माणसाने उभं राहायचं, वर-खाली करायचं, दोर बघायचा, ब्रेक बघायचा, आणि मगच तिला चालवायची परवानगी मिळते. इंजिनिअर मंडळी बाहेर हिंडतात, मी आत बसते. आस्थापना विभागाची प्रमुख. कुणाची रजा, कुणाची बदली, कुणाची बढती, सगळ्यांच्या नाड्या माझ्या टेबलावर. शुक्रवारी डबे खाऊन झाले की मीटिंगच्या खोलीत आमचा सामान्यज्ञानाचा तास भरतो. एकाने प्रश्न वाचायचे, बाकीच्यांचे दोन गट. गटात काय ती कुजबुज करा, पण उत्तर कप्तानाच्याच तोंडून यायला हवं. आणि नियम एकच, पण कडक: कप्तानाचं उत्तर चुकलं तर ते जसंच्या तसं फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत पुसायचं नाही. हा नियम आमच्या धंद्यातूनच आलेला आहे. लिफ्टमध्ये दोष सापडला तर तो कागदावर लिहून तिच्याच दारावर चिकटवायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं आणि जिना चढावा. माझं उत्तर त्या फळ्यावर कधी गेलं नव्हतं. दुसऱ्यांची चुकलेली उत्तरं मात्र मी माझ्या वळणदार अक्षरात हौसेने लिहीत आले होते, मोठ्या साहेबांची तर कितीदा. पाठीमागे मला कोशबाई म्हणतात ते मला ठाऊक आहे. मी कधी हरकत घेतली नाही. नाव ठेवावंसं वाटणं हाही एक मानच आहे, आणि मान मला आवडतो. उगाच कशाला खोटं बोलू.

प्रश्न साधा होता. जहाजाच्या खिडक्या गोल का असतात? टेपवाल्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उत्तर दिलं होतं. हा टेपवाला म्हणजे आमचा नवा इंजिनिअर, कमरेला मोजपट्टी लावल्याशिवाय पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. मी म्हणाले, “जहाज कललेलं आतल्या माणसाला कळू नये म्हणून. चौकोनी खिडकी असली तर बाहेरच्या पाण्याची रेघ खिडकीच्या कडेशी तिरकी दिसते, आणि माणसाचा जीव घाबरा होतो. गोल खिडकीला वर-खाली नसतं. त्यामुळे काहीच तिरकं दिसत नाही.” इतकं नीट उत्तर. त्यावर तो म्हणाला, चूक. “मॅडम, कोपऱ्यात ताण साठतो. चीर पडते ती कोपऱ्यातून. गोलाला कोपराच नाही, म्हणून गोल. अहो, दरवाज्यांच्या चौकटींना आपण रोज बघतो की हे!” आणि हे सांगताना त्याने पाठीमागच्या त्या जाळीच्या दरवाज्याकडे बोट केलं. मी पाहिलं. चौकटीच्या कोपऱ्यातून बोटभर लांब चीर गेली होती. दर शुक्रवारी मी तिच्यापुढे बसत आले होते.

फळ्याकडे जायला तो उठला तेव्हा मी म्हणाले, “आण इकडे खडू.” आणि मीच लिहिलं. जहाज कललेलं आतल्या माणसाला कळू नये म्हणून. अक्षर नेहमीइतकंच चांगलं आलं, खाली माझं पदही घातलं. खडू खाली ठेवून हात झटकले तेव्हा हसू थांबलेलं होतं. मोठे साहेब घसा साफ करत म्हणाले, “पुढच्या शुक्रवारी बॉयलरवाले येताहेत. या वेळी कप्तान म्हणून याला बसवून बघू या का? तुम्हालाही जरा विश्रांती.” बॉयलर तपासणीचं ऑफिस आमच्या समोरच्याच इमारतीत. दरवर्षी त्यांची आमची लढत होते आणि जिंकणाऱ्याच्या भिंतीवर एक पितळी दांडा लागतो. हाताने लिफ्ट चालवायच्या काळातला तो दांडा आहे, लाकडाच्या फळीवर बसवलेला. गेल्या वर्षी तो मी जिंकून आणलेला होता. “साहेब,” मी म्हणाले, “मला विश्रांती हवी असली की मी रजेचा अर्ज करते. कप्तान मीच.” साहेब बरं म्हणाले. पण त्यांनी टेपवाल्याकडे एकदा पाहिलं आणि टेपवाल्याने खाली पाहिलं, आणि ते दोन्ही मला दिसलं. पुढच्या शुक्रवारी हरले तर ती खुर्ची गेली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

खुर्चीचं एवढं काय, असं कुणी विचारेल. घरी जाताना मी स्वतःलाही ते विचारत होते. संध्याकाळ नुकती होत होती, दुकानांच्या पाट्या लागत होत्या, पदपथावरून माणसं पिशव्या सांभाळत चाललेली होती आणि मी प्रत्येक गोष्टीकडे नेहमीसारखी बघत होते, म्हणजे हे काय आहे आणि असं का आहे याचं उत्तर मनात म्हणत. दिव्याच्या खांबाला खालून जाडी का. पुतळ्याच्या डोक्यावर कबुतरं का बसतात. पुलाच्या दोन तुकड्यांत फट का ठेवतात. ही माझी लहानपणापासूनची चाल आहे. इतर बायका चालताना गाणं गुणगुणतात तशी मी उत्तरं गुणगुणते. आणि आज पुतळ्यापाशी आल्यावर पाय अडखळला. कबुतरं पुतळ्यांवर बसतात कारण दगड दुपारभर तापतो आणि संध्याकाळी त्यांच्या पायांना शेक मिळतो, असं मला माहीत होतं. पण हे मला कुणी सांगितलं होतं? ज्याने जहाजाच्या खिडकीचं सांगितलं, त्यानेच. बाबांनी.

बाबा टुरिस्ट बसवर गाईड होते. उभा जन्म त्यांनी ड्रायव्हरकडे पाठ करून, हातात माइक धरून, प्रवाशांकडे तोंड करून काढला. बस पुढे जायची आणि बाबा मागे बघत जायचे. शहरातली प्रत्येक इमारत त्यांना निघून जाताना दिसली, येताना कधी नाही, तरी तिचं वर्णन ते ती दिसायच्या आधी सुरू करायचे आणि ती बरोबर शब्दाला खिडकीत हजर व्हायची. शाळेला सुट्टी लागली की मी पुढच्या बाकावर. आई त्या वेळी शिवणाच्या कारखान्यात दिवसपाळीला जायची, मला ठेवणार कुठे. एखाद्याने हात वर करून विचारावं, आणि बाबांनी माइक जरा तोंडाजवळ आणून, एक क्षण थांबून, उत्तर द्यावं. तो एक क्षण मला फार आवडायचा. उत्तर खोलवरून वर येतंय असं वाटायचं, विहिरीतून बादली यावी तसं. कधी रिकामी आली नाही. अख्ख्या बसमध्ये माझ्याइतकी ताठ बसलेली दुसरी प्रवासी नसायची. हे माझे बाबा आहेत, असं मी शेजारच्या अनोळखी बाईला सांगायचे, तिने विचारलेलं नसताना.

घरी आम्ही दोघंच. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हा चांगले भरलेले होते. गेल्या आजारपणानंतर मात्र झडत चाललेत. सदरा अंगावर नसून खुंटीवर असल्यासारखा दिसतो. जेवणाचं नाव काढलं की मान फिरवतात. डॉक्टर म्हणाले वय आहे, जे खातील ते खाऊ द्या, आणि ते काही खातच नाहीत. मी चपलाही न काढता विचारलं, “बाबा, जहाजाच्या खिडक्या गोल का असतात?” ते खुर्चीत होते. एक क्षण थांबले, तोच तो क्षण, आणि म्हणाले, “कलल्याचं आतल्याला कळू नये म्हणून. का गं?”

“चूक आहे ते. कोपऱ्यात ताण येतो म्हणून गोल असतात.”

“कोण म्हणालं?”

“इंजिनिअर.”

“तो कधी बोटीत बसून ओकलाय का?”

मला हसू आलं आणि त्या हसूचाच राग आला. मी म्हणाले, “हसायचं काम नाही. सगळ्यांसमोर फजिती झाली माझी. पुस्तकात होतं का ते, की तुम्ही मनाने सांगितलंत? खरं सांगा. अजून काय काय मनाने सांगितलंय?” बाबांनी माझ्याकडे पाहिलं, नाराजीने नव्हे, तर पैसे परत मागणाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसं, जरा नवलाने. “मी कधी कुणाला चुकीचं सांगितलेलं नाही,” ते म्हणाले.

“सरळ माहीत नाही म्हणायचं होतं!”

“तिकीट काढलेल्या माणसाला? माहीत नाही?” त्यांचा आवाज चढला; हल्ली तो चढत नाही. “अगं, तो मग खिडकीबाहेर बघतो. बाहेर बघायला तो पायी नसता का फिरला?” आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. संध्याकाळी दोन घास खाऊन ताट सरकवलं. मीही आग्रह केला नाही. रागावलेल्या माणसाचा आग्रह कुणाला गोड लागतो.

पुढचे दिवस मी एक विचित्र काम करत होते. हजेरीपट, रजेचे अर्ज, बदल्यांच्या टिपण्या, सगळं हाताने चालू आणि डोक्यात मात्र वेचणी. तांदळातले खडे काढतात तसं मी माझं ज्ञान परातीत पसरून बसले होते. मधल्या सुट्टीत फोनवर एकेक तपासायची. आणि गंमत अशी की खड्यांची आणि तांदळाची चव सारखीच. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे बाबांनी सांगितलं होतं. मला वाटलं ही नक्की थाप, तर ते खरं निघालं. शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. हे ऐकून तर लहानपणीही मी त्यांना हसले होते, तेही खरं. उलटा उडू शकणारा एक चिमुकला पक्षी आहे, आहे. आणि ज्या साध्यासुध्या गोष्टींवर मी कधी शंकाच घेतली नव्हती त्या एकेक करून हातातून निसटत होत्या. कबुतरांच्या शेकाची गोष्ट कुठेच नव्हती. बाजाराजवळच्या मनोऱ्यावरचं घड्याळ थोडं पुढे असतं ते कुणाची गाडी चुकू नये म्हणून मुद्दाम पुढे लावलेलं आहे, असं मी निदान दोन डझन पाहुण्यांना सांगितलं असेल. मनोऱ्याच्या राखणदाराला फोन केला तर तो म्हणाला, “बाई, ते बिघडलंय. माझ्या आधीपासून बिघडलंय.” मी आभार मानून फोन ठेवला आणि टेबलाची कडा धरून बसले. आपण उभ्या आहोत ती जमीन कुठे पक्की आणि कुठे नुसती सतरंजी हेच कळेना. बढतीच्या एका टिपणीवर सही करतानासुद्धा मी माझं नाव दोनदा वाचलं.

मीटिंगच्या खोलीत रोज एकदा तरी जावं लागायचं. फळा समोरच. कुणीतरी माझ्या उत्तराखाली खडूने एक बोट काढली होती, चांगली तिरकी, आणि तिच्या गोल खिडकीत एक चेहरा, शांत, हसरा. शिपाई ओला फडका घेऊन आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, पुसून टाकू? कुणाला कळणार नाही.” मी म्हणाले, “नियम म्हणजे नियम. हात लावायचा नाही.” तो गेल्यावर मी त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बुधवार असेल तो. काढणाऱ्याने थट्टाच केली होती, पण चेहरा बघून मला एकदम आठवलं की बसमध्ये हे कुणी विचारलं होतं. एक म्हातारी बाई. बंदराजवळ बस थांबली होती. तिचा मुलगा त्याच आठवड्यात बोटीवर नोकरीला लागला होता, पहिल्यांदाच समुद्रावर गेला होता, आणि ती शहर बघायला म्हणून बसमध्ये बसली होती खरी पण तिचे डोळे त्या बोटींवरच खिळलेले. तिने हात वर केला नव्हता. तोंडातल्या तोंडात विचारलं होतं, खिडक्या एवढ्याशा आणि गोल कशाला केल्यात हो. बाबांनी माइक खाली घेतला होता. हो, माइक खाली घेतला होता. ते उत्तर सगळ्या बससाठी नव्हतंच. आणि ती बाई म्हणाली होती, म्हणजे त्याला आतून कळायचं नाही ना? बाबा म्हणाले, अजिबात नाही. मग ती मागे टेकून बसली.

मी तिथेच खुर्ची ओढून बसले आणि एकेक खडा पुन्हा हातात घेतला. घड्याळ कुणाला सांगितलं होतं? एका पोराला, ज्याची गाडी सुटणार होती आणि जो सारखा मनोऱ्याकडे बघून घाम पुसत होता. कबुतरं? एका मुलीला, जिच्या आजोबांचा तो पुतळा होता आणि त्यावर पक्षी घाण करतात म्हणून तिचं तोंड एवढंसं झालं होतं. माइकवरून सांगितलेलं सगळं खरं निघत होतं. माइक खाली घेऊन सांगितलेलं एकही नाही. इतकं सरळ होतं ते, आणि मी पुढच्या बाकावर बसून डोळ्यांनी बघितलेलं होतं. बाबा पुस्तकातलं बसला सांगायचे आणि चेहऱ्याला त्याचं त्याचं वेगळं सांगायचे. राग गेला असं म्हणणार नाही. फजिती ती फजितीच. पण रागाच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं, आणि ते दुसरं काही नव्हतं, तोच माझा जुना ताठा होता, पुढच्या बाकावरचा. माझ्या डोक्यात भरलेली प्रत्येक चूक कुणाला तरी धीर द्यायला म्हणून जन्मली होती. असं कुणाचं डोकं असतं? टेपवाल्याचं तर नक्कीच नाही.

शुक्रवारी बॉयलरवाले आले. त्यांचा कप्तान म्हणजे एक गोलमटोल, हसतमुख गृहस्थ, आल्या आल्या फळा वाचून पोट धरून हसला आणि म्हणाला, “कोशबाई, दांडा काढून ठेवा. न्यायला बरा पडेल.” तोंडावर कोशबाई म्हणणारा तो पहिलाच. मी म्हणाले, “भिंतीला चांगला घट्ट बसवलाय. निघाला तर न्या.” प्रश्न विचारायला आमचे एक निवृत्त साहेब बोलावले होते, दोन्ही ऑफिसांत काम केलेले, म्हणून कुणाच्याच बाजूचे नाहीत. माझ्या एका हाताला टेपवाला, दुसऱ्या हाताला कॅशियर. पहिल्या काही प्रश्नांना मी कधी नव्हे ती थांबत होते. उत्तर जिभेवर आलं की आधी त्याला विचारायची, माइक वर होता की खाली? वर असला की सोडायची. टेपवाल्याला हे थांबणं म्हणजे मी डगमगतेय असं वाटत होतं; तो दर वेळी माझ्या कानाशी येऊन उत्तर पुटपुटायचा आणि दर वेळी मी ते आधीच बोलून गेलेली असायचे. बॉयलरवालेही काही कच्चे नव्हते. शेवटच्या प्रश्नाला दोघं बरोबरीत आलो तेव्हा मोठे साहेब उभे राहिले होते आणि दारात खालच्या मजल्यावरची माणसंसुद्धा गोळा झाली होती.

निवृत्त साहेबांनी चष्मा सारखा केला. “मोठ्या झाडाचं खोड कधीकधी आतून पूर्ण पोकळ होतं. माणूस आत उभा राहील इतकं पोकळ. तरी वर पानं हिरवीगार असतात. झाड जगतं कसं? आधी चिठ्ठी निघेल त्याची पाळी, तो चुकला तर समोरच्याची.” चिठ्ठी आमची निघाली.

मला उत्तर माहीत होतं. इतकं माहीत होतं की तोंड उघडलंसुद्धा. झाड म्हातारं झालं की आतलं लाकूड खर्चायला काढतं, साठवलेलं असतं ते, आणि त्याच्या जोरावर वर पालवी आणतं. पोकळ झालंय म्हणजे कामाला लागलंय. शब्द न् शब्द. आणि तोंड उघडलेलं तसंच राहिलं, कारण मी त्याला विचारलं, माइक कुठे होता? माइक नव्हताच. बस नव्हती. दवाखान्याच्या आवारातला एक बाक होता, त्याच्यासमोर एक प्रचंड झाड, खोडात अंधार, आणि आत कुणीतरी रिकाम्या बाटल्या टाकलेल्या. आई वर खाटेवर होती. तिला मी नुकतीच बघून आले होते. तिचे गाल आत गेले होते, हाताची हाडं दिसत होती, आणि मी तिच्याजवळ जायला घाबरले होते. खाली येऊन मी बाबांना विचारलं होतं, हे झाड मेलंय का? झाडाबद्दल मला काही पडलेली नव्हती. बाबा माझ्याकडे बघून एक क्षण थांबले होते. मग त्यांनी ते सांगितलं होतं, आणि मी पळत वर जाऊन आईच्या उशाशी बसले होते. आई बरी झाली पुढे, चांगली बरी झाली, कितीतरी वर्षं मला रागे भरायला जगली. म्हणून ते उत्तर मी कधी तपासलं नाही. तपासायच्या यादीतही ते माझ्या मनात आलं नव्हतं. हे उत्तर माझंच होतं. माझ्या चेहऱ्यासाठी केलेलं.

“मुळं,” कॅशियर कुजबुजला. टेपवाल्याने खांदे उडवले. झाडाला चौकट नव्हती. “मॅडम, काहीतरी बोला,” तो म्हणाला. बॉयलरवाल्यांचा कप्तान खुर्चीत पुढे सरकला होता. आणि त्या शांततेत मला जाणवलं की माझ्याजवळ कुणाचंच उत्तर नाही. पुस्तकातलं नाही आणि बाबांचं चालणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझी बादली रिकामी वर आली होती. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मग मी स्वतःशी म्हणाले, तू काय बघितलंयस? सांगितलेलं नको, बघितलेलं. आणि आमच्या आवारातलं फाटकाजवळचं झाड आठवलं. पाटी टांगायला म्हणून कुणा शहाण्याने त्याला तार आवळून बांधली होती. तार सालीत रुतत गेली, सगळीकडून, आणि एका वर्षात झाड वाळलं. कापलं तेव्हा मी गच्चीवरून बघत होते. आतून खोड अगदी भरीव, निरोगी, कुठे कीड नाही. भरीव झाड मेलं, आणि दवाखान्यातलं पोकळ झाड जगलं. म्हणजे जीव आत नव्हताच.

“आतलं लाकूड आधीच मेलेलं असतं,” मी म्हणाले. माझाच आवाज मला नवा वाटला. “ते नुसता आधार देतं. झाडाचं पाणी आणि अन्न वाहतं ते सालीच्या लगतच्या भागातून. जिवंत भाग तेवढाच. तो शाबूत आहे तोवर आत काही उरलं नाही तरी झाडाला फरक पडत नाही.”

निवृत्त साहेबांनी हातातला कागद पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, “बरोबर.”

मग जे काय झालं ते सगळं मी सांगत बसत नाही. कॅशियरने टेबल बडवलं. टेपवाल्याने माझ्यापुढे हात केला आणि म्हणाला, “कुठे वाचलंत हो हे?” मी म्हणाले, “कुठे नाही. फाटकाजवळ बघितलं.” तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला की त्या एका नजरेवर मी त्याच्या पुढच्या सगळ्या रजा मंजूर करून टाकल्या असत्या. फळ्यावरची माझी ओळ पुसायची वेळ झाली होती. शिपायाने फडका आणला. मीच म्हणाले, आज राहू दे, घाई काय आहे. घरी जाताना रस्ता माझा होता. पुलावरून, पुतळ्यावरून, मनोऱ्याखालून मी मान वर करून गेले, आणि बिघडलेल्या घड्याळाकडे बघून मला कुणाचीतरी गाडी मिळाल्याचा आनंद झाला.

बाबा जागेच होते, खुर्चीत, दाराकडे तोंड करून. आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो होतो, पण आज शुक्रवार आहे हे ते विसरले नव्हते. “काय झालं?” त्यांनी विचारलं.

“जिंकलो. शेवटच्या प्रश्नावर.”

“मग!” ते म्हणाले. “पोरगी कुणाची!” मग जरा वेळाने, सहज विचारावं तसं, “कुठला होता शेवटचा?”

मी पानं वाढत होते. वाढता वाढता प्रश्न सांगितला. पोकळ खोड, वर हिरवी पानं, झाड जगतं कसं. बाबा एकदम सरळ होऊन बसले. “हा? एवढा सोपा? अगं, झाड म्हातारं झालं की आतलं लाकूड खर्चायला काढतं. त्याच्या जोरावर वर पालवी आणतं. पोकळ झालंय म्हणजे कामाला लागलंय.” शब्द न् शब्द तेच. सांगता सांगता त्यांचा हात सदऱ्याच्या आत स्वतःच्या बरगड्यांवरून फिरत होता, आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मग हात थांबला. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं, आणि ज्या माणसाने भरलेल्या बसपुढे उभं राहून जन्मभर हा प्रश्न कधी कुणाला केला नव्हता, त्याने तो मला केला.

“बरोबर आहे ना गं ते?”

मी भांडं खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, गालांकडे, डोळ्यांकडे. एक क्षण थांबले.

“बरोबर,” मी म्हणाले. “हेच सांगितलं मी. याच्यावरच जिंकलो.”

“खरंच?”

“अगदी खरं. निवृत्त साहेब म्हणाले, असं उत्तर त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.”

बाबा मागे टेकले. चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग त्यांनी पुढे होऊन ताट जवळ ओढलं आणि जेवायला लागले, सावकाश, मन लावून, आणि भात संपल्यावर ताट पुढे करून म्हणाले, “आणखी वाढ.”